संधीला जामीनदार कोण?

नागापूरच्या एमआयडीसीत सकाळची पाळी सुरू होण्याच्या सुमारास मनमाड रस्त्यावर जी वर्दळ असते, तिच्यात गेल्या काही वर्षांत एक ठळक फरक पडला आहे. पूर्वी या रस्त्याने हँडलला डबा अडकवलेल्या सायकली आणि लुना जात. त्यांवर बहुधा पुरुषच असत. आता तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवरून जाणाऱ्या मुली सहज नजरेत भरतात. त्यांतल्या काही जुळणी विभागात जातात, काही हिशेबाच्या टेबलावर, तर काही कारखान्यांच्या प्रयोगशाळांत. बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्या या मुली दिवसभर नमुने तपासतात, नोंदी करतात आणि संध्याकाळी घरी येऊन कुकर लावतात. मुली शिकल्या, विज्ञान शिकल्या, नोकरीलाही लागल्या. मग आता अडले कुठे, असे कुणालाही वाटेल. मलाही तसेच वाटत होते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीत राहणारे एक गृहस्थ रात्री नऊच्या सुमारास घरी आले. त्यांचे सारे आयुष्य एका कारखान्यात टर्नर म्हणून गेलेले. सोबत त्यांची थोरली मुलगी होती. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक कागद घेऊन येतात, त्याची मला सवय आहे. कुणाला कर्जाची नोटीस आलेली असते, कुणाला वारसाचा अर्ज भरायचा असतो. "साहेब, जरा हा कागद बघता का?" म्हणत त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेले एक पत्र पुढे केले.

मुलगी मायक्रोबायॉलॉजीत एम.एस्सी. झालेली. दोन वर्षांपासून इथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला. कॉलेजातल्या बाईंनी आग्रह केला म्हणून तिने बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत अर्ज केला होता. मुलाखत झाली, नाव प्रतीक्षायादीत गेले आणि ती ते विसरूनही गेली. आता आधीच्या उमेदवाराने नकार दिल्यामुळे तिला विचारणा झाली होती. काम एका प्रकल्पावरचे, मुदत एक वर्षाची, काम समाधानकारक वाटल्यास मुदतवाढ. होकार पाच दिवसांत कळवायचा आणि पंधरा दिवसांत रुजू व्हायचे.

"परमनंट नाही ना?" वडिलांनी विचारले. त्यातच रांजणगावच्या एका कंपनीत नोकरीला असलेला मुलगा तिला पाहून गेला होता, आणि त्या मंडळींचा होकार आज-उद्या यायचा होता.

मी पत्र दोनदा वाचले. तीस-बत्तीस वर्षे कर्जाची प्रकरणे वाचलेल्या डोळ्यांना जे दिसायचे तेच दिसले. मुदत अपुरी, उत्पन्न अनिश्चित, हमी कसलीच नाही. "एवढी घाई कशाला?" मी बोलायला सुरुवात केली, "पुढच्या वर्षी पुन्हा जाहिरात निघेलच की..." मुलगी दाराशी उभी होती. तिने काही वाद घातला नाही. "बरं काका," एवढेच म्हणाली आणि कागद परत घेण्यासाठी हात पुढे केला.

त्या हाताने मला दुसऱ्या एका कागदाची आठवण करून दिली.

एक जुना अर्ज

नव्वदच्या दशकात मी तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. बँकेचे नाव इथे महत्त्वाचे नाही. त्या काळी सगळ्याच बँकांत थोड्याफार फरकाने असेच चाले. बढती मिळाली की बदली ठरलेली. पुरुष अधिकारी कुरकुरत का होईना बॅगा भरत. बाई अधिकारी असली की बढती नाकारल्याचा अर्ज येई. कारणाची ओळही ठरलेली असे, 'कौटुंबिक अडचणीमुळे'. शाखाधिकाऱ्याने त्यावर शिफारशीची सही करून तो वर पाठवायचा.

माझ्या शाखेत एक अधिकारी होत्या. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. आणि विद्यापीठात वरचा क्रमांक. घरी कुणी पाठवायला तयार नव्हते म्हणून संशोधनाची जागा सोडून बँकेच्या परीक्षेला बसलेल्या. शाखेतला पहिला संगणक आला तेव्हा आम्ही सारे त्याच्याकडे देव्हाऱ्यातल्या देवासारखे लांबून पाहत होतो. त्या बाईंनी आठ दिवसांत तो आत्मसात केला. मुख्य कार्यालयाने संगणक विभागासाठी त्यांची निवड केली. परराज्यात, बढतीसह. दुसऱ्या दिवशी त्या नकाराचा अर्ज घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. मी तो वाचला, "योग्य निर्णय घेतलात" असे म्हणालो आणि सही केली. सगळा मामला दोन मिनिटांत संपला.

निवृत्तीनंतर एका लग्नात त्या भेटल्या. जुन्या गोष्टी निघाल्या. त्या हसतहसतच म्हणाल्या, "सर, त्या दिवशी अर्ज घेऊन आले ना, तेव्हा वाटत होतं, तुम्ही वाचाल आणि म्हणाल, थांबा, दोन दिवस विचार करा. तुम्ही लगेच सही केलीत."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. कायदा मी मोडला नव्हता, कुणावर अन्यायही केला नव्हता. जे मागितले ते दिले, इतकेच. पण ज्या क्षणी त्यांना कुणाच्या तरी 'थांबा'ची गरज होती, त्या क्षणी माझ्याजवळ पेन तयार होते.

सीताफळापासून कर्करोगापर्यंत

त्या रात्री मुलगी आणि तिचे वडील गेल्यावर मी कपाटातली काही पुस्तके काढून बसलो. कमल रणदिवे हे नाव नगर जिल्ह्यातल्या वाचकांना खरे तर घरातले वाटायला हवे. ते का, ते पुढे सांगतो.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलगी हुजूरपागेत शिकली. मुलीने वैद्यकीकडे जावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे अशी वडिलांची इच्छा. मुलीने यांतले काहीच केले नाही. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली आणि १९३९ मध्ये तिने जे. टी. रणदिवे या गणितज्ञाशी लग्न केले. त्यानंतर १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्यांनी एम.एस्सी. पदवी मिळवली. विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींतली गुणसूत्रे. लग्नानंतर चार वर्षांनी आलेली ही पदवी. या अभ्यासात त्यांना पतीची मोठी मदत झाली, असे नोंदलेले आहे.

इथपर्यंतची कथा सुशिक्षित पुणेरी घरातली म्हणून सोडून देता येईल. कलाटणी मिळाली ती मुंबईत. लग्नामुळे त्या मुंबईला गेल्या आणि तिथे टाटा मेमोरियल रुग्णालयात त्यांना काम मिळाले. विचार करा, सीताफळाच्या पेशी पाहणाऱ्या बाईचे कर्करोगाच्या रुग्णालयात काय काम? आजच्या भाषेत आपण म्हणू, 'माझी लाइनच नाही ती.' पण सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहण्याची नजर एकदा बसली की पेशी झाडाची आहे की माणसाची, हा पुढचा प्रश्न. ज्येष्ठ विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी ती नजर ओळखली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलाबाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

पुढची संधी याहून अनपेक्षित होती. अमेरिकेतल्या बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेत जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धनाचे तंत्र शिकण्याची. शरीराबाहेर, काचेच्या नळीत माणसाच्या पेशी जगवायच्या आणि वाढवायच्या, असे ते तंत्र. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतल्या पेशी अखंड वाढू लागल्या. 'हेला' या नावाने त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरल्या जातात. त्या स्त्रीची परवानगी मात्र कुणी घेतली नव्हती. कमलाबाईंनी हे तंत्र शिकून घेतले आणि मुंबईला परतून भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती अशी पहिली प्रयोगशाळा मानली जाते. स्तनाच्या कर्करोगाचा अंतःस्रावांशी आणि विषाणूंशी असलेला संबंध त्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून तपासला. कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता नगरचा संबंध. निवृत्तीनंतर माणसे तीर्थयात्रेला जातात. कमलाबाई आपल्या जिल्ह्यात आल्या. इथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करण्याचे आणि खेड्यांतल्या बायकांना आहार व आरोग्याबद्दल सल्ला देण्याचे काम त्यांनी केले. बॉल्टिमोरला जाताना दाखवलेले धाडस आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर आदिवासी पाड्यांवर जाताना दाखवलेले धाडस, दोन्ही एकाच जातीची. आपल्या विषयाची चौकट सोडून समोर आलेले काम उचलायचे, ही ती जात.

दार उघडेना तेव्हा

कमलाबाईंच्या वाट्याला आलेली दारे निदान किलकिली तरी होती. त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या कमलाबाईंना मात्र दार ठोठावावे लागले. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाईंच्या भगिनी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. वडील आणि काका दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. पण संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. नोबेल मिळवलेल्या माणसाने 'नाही' म्हटल्यावर किती जणी घरी परतल्या असत्या? कमलाबाई परतल्या नाहीत. त्या हटून बसल्या. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही, काम समाधानकारक वाटले तरच पुढे, आणि बाईच्या उपस्थितीने इतरांचे लक्ष विचलित होता कामा नये!

आमच्या गल्लीतल्या मुलीच्या पत्रातली 'काम समाधानकारक वाटल्यास' ही अट वाचताना मला म्हणूनच नव्वद वर्षांपूर्वीचे ते वर्ष आठवले. गाव तेच, अटही थोडीफार तीच. फरक एवढाच की आताची अट मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही सारखी आहे. कमलाबाईंनी ते अपमानाचे वर्ष पत्करले. एम.एस्सी. केले, १९३७ मध्ये केंब्रिजला गेल्या आणि अवघ्या चौदा महिन्यांच्या कामावर चाळीस पानांचा प्रबंध लिहून १९३९ मध्ये पीएच.डी. झाल्या. वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' असते, हे त्यांनी दाखवले. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. पुढे मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर काम केले. आणि त्या एका वर्षाचा दुसरा परिणाम असा की रामन यांच्या संस्थेचे दार नंतर आलेल्या मुलींसाठी उघडले.

दूरचे उदाहरण हवे असेल तर कातालिन कारिको यांचे घ्या. हंगेरीतल्या प्रयोगशाळेतली नोकरी गेली तेव्हा १९८५ मध्ये पती आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन त्या अमेरिकेला गेल्या. मोटार विकून आलेले पैसे मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेले, कारण देशाबाहेर एवढे चलन नेण्याची परवानगी नव्हती. १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले. ज्या विषयाला कुणी पैसे देईना, त्याच विषयातून कोरोनाची लस उभी राहिली आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कोडे आकड्यांचे

आता कुणी म्हणेल, या असामान्य बायका. त्यांच्या कथा सांगून सामान्य घरातल्या मुलींवर ओझे कशाला टाकायचे? आक्षेप रास्त आहे. म्हणून थोडे आकड्यांकडे पाहू. आपल्या देशात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांच्या पदवीधरांत मुलींचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या पुढे आहे. अनेक श्रीमंत देशांना याचा हेवा वाटावा. पण प्रत्यक्ष संशोधनाच्या कामावर असलेल्यांत बायका पाचांत एकीपेक्षाही कमी. म्हणजे वर्गात जवळपास निम्म्या बाकांवर मुली, आणि प्रयोगशाळेत पाचवे टेबलही पुरते त्यांचे नाही. मधल्या वाटेवर त्या जातात कुठे?

बुद्धीत कमी पडतात म्हणावे, तर निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रातली छायाचित्रे वेगळे सांगतात. फी परवडत नाही म्हणावे, तर त्या बाबतीत बरीच सोय झाली आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केली. शैक्षणिक कर्जाला ठरावीक मर्यादेपर्यंत तारण लागत नाही, केंद्राच्या निधीची हमी असते. संसारामुळे कामात खंड पडलेल्या स्त्रियांना पुन्हा संशोधनात आणण्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये खास योजना आणली. आज अशा योजना 'वाइज-किरण' या नावाखाली चालतात.

म्हणजे शिकण्याला हमी आहे, कर्जाला हमी आहे, परत येण्यालाही थोडीफार आहे. हमी नाही ती त्या पाच दिवसांना. पत्र आल्यापासून होकार कळवेपर्यंतच्या पाच दिवसांत घरात जे घडते, त्यावर कोणत्याही सरकारची योजना नाही. विज्ञानातल्या मोठ्या संधी शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाहीत. कुणी नकार दिला म्हणून येतात, एखादे अनुदान अचानक मंजूर झाले म्हणून येतात, परिषदेत भेटलेल्या कुणी आठवण ठेवली म्हणून येतात. त्या वेळी मुलगा 'बघतो, जमवतो' म्हणत बॅग भरतो. मुलीला आधी पाच जणांची परवानगी लागते, आणि पाचवा माणूस होकार देईपर्यंत मुदत संपलेली असते.

नकार देणारी प्रत्येक मुलगी भित्री असते, असे मात्र कुणी समजू नये. आजारी आईला सोडून न जाणे यातही हिंमत असते. वर्षा-वर्षाच्या कंत्राटावर माणसे ठेवणाऱ्या संस्थांकडे पाहून एखाद्या बापाला भीती वाटली, तर ती भीती खोटी नव्हे. संशोधनातल्या तात्पुरत्या नोकऱ्या हा आज तरुण संशोधकांच्या जिवाला लागलेला घोर आहे, आणि त्यात मुलगेही भरडले जातात. प्रश्न असा की, मुलीची जोखीम मोजताना आपण फक्त जाण्याची जोखीम मोजतो. न जाण्याची जोखीम कुठल्याच वहीत लिहिली जात नाही. माझ्या त्या सहकारी बाईंच्या बाबतीत मीही ती लिहिली नव्हती.

जामिनाची सही

बँकेत आम्ही कर्जदाराची पत पाहत असू, पण त्याहून बारकाईने पाहत असू जामीनदार. जामीनदार पैसे देत नाही. तो एवढेच म्हणतो की, याचे काही कमी-जास्त झाले तर मी आहे. तेवढ्यावर नवखा माणूस दुकान टाकतो, विहीर खणतो, ट्रॅक्टर घेतो. धाडस कर्जदाराचेच असते, पण ते उभे राहते दुसऱ्याच्या सहीवर.

वर सांगितलेल्या बायकांच्या चरित्रांत ही सही शोधून पाहा. कमल रणदिव्यांच्या मागे गणितज्ञ पती होता आणि खानोलकरांसारखा गुरू होता. कमला सोहोनींच्या मागे विज्ञान शिकलेले वडील आणि काका. कारिकोंच्या बरोबर विमानात बसलेला नवरा. आपल्या नगरचेच जुने उदाहरण घ्या. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते याच शहरात, मिस सिंथिया फरार यांच्याकडे. त्यांच्यामागे जोतीराव होते. आणि आजचे उदाहरण अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावरान बियाणे जपले, त्याची बँक उभी केली आणि पद्मश्रीपर्यंत मजल मारली. बियाणे राखण्याची दृष्टी राहीबाईंची स्वतःची. पण ती जगापुढे यायला बाएफसारख्या संस्थेची साथ लागली. यांतल्या एकीचेही कर्तृत्व यामुळे तसूभर कमी होत नाही.

कमल रणदिव्यांना हे फार लवकर कळले होते, असे मला वाटते. १९७३ मध्ये त्यांनी काही सहकारी बायकांबरोबर भारतीय महिला वैज्ञानिक संघाची स्थापना केली. या संघाने काय केले? व्याख्याने आणि चर्चासत्रे केलीच. पण वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह काढले, पाळणाघर चालवले. विज्ञानाच्या संस्थेने पाळणाघर काढावे, याचे कुणाला हसू येईल. मला यात फार मोठे शहाणपण दिसते. 'घाबरू नकोस' असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे. परगावी रात्री अंग टाकायला सुरक्षित खाट आणि दिवसा मूल ठेवायला भरवशाची जागा मिळाली की निम्मी भीती आपोआप जाते.

पुण्याच्या, २०२४ मध्ये दिवंगत झालेल्या भौतिकशास्त्रज्ञ डॉ. रोहिणी गोडबोले यांनी हेच काम वेगळ्या मार्गाने केले. सर्न येथील महायंत्रात जे कण शोधतात, त्या विषयातल्या त्या जाणत्या. त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह 'लीलावतीज डॉटर्स' हा भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या आत्मकथनांचा संग्रह संपादित केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. 'आपल्यासारखी कुणीतरी आधी गेली आहे' हे कळणे, हाही एक जामीनच.

तेव्हा आपण सामान्य माणसांनी काय करायचे? मोठे काही नको. मुलीच्या हातात असे पत्र आले, तर उत्तर देण्याआधी चार गोष्टींची चौकशी करावी. राहण्याची सोय काय? हातात येणाऱ्या पैशात तिचे भागेल का? तिथे आधी काम केलेल्या कुणाशी बोलता येईल का? आणि वर्षाने परत यावे लागले तर इथे पुन्हा काय करता येईल? या चारांची उत्तरे काढायला दोन दिवस पुरतात. उत्तरे वाईट आली तर नकार द्यावा. तो विचारपूर्वक दिलेला नकार असेल. 'लोक काय म्हणतील' हा पाचवा प्रश्न मात्र शेवटी विचारावा. बहुतेक घरांत तो पहिला विचारला जातो आणि बाकीच्या चारांपर्यंत कुणी पोचतच नाही.

आणि नंतर

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांच्या घरी गेलो. "काल मी घाईने बोललो," असे सांगितले. निवृत्त माणसाला आपला शब्द मागे घेताना जरा जड जाते, पण घेतला. मग आम्ही चौकशीला लागलो. कॉलेजातल्या बाईंनी त्या संस्थेत काम करणाऱ्या एका मराठी मुलीचा नंबर दिला. वसतिगृहात जागा होती. पैसे जेमतेम पुरतील असे दिसले. वडिलांचा चेहरा काही उजळला नाही. शेवटी बोलली ती आजी. इतका वेळ ती कोपऱ्यात शेंगा सोलत बसली होती. "गाडी थेट जाते का तिथं?" तिने विचारले. नगरच्या स्टेशनावरून कर्नाटक एक्स्प्रेस थेट बंगळूरला जाते, हे कळल्यावर ती म्हणाली, "मग काय लई लांब नाही. जाऊ द्या पोरीला."

पाचव्या दिवशी मुलीने होकार कळवला.

हा लेख गोड शेवटाने संपवता आला असता तर मला आवडले असते. पण खरे ते सांगायला हवे. रांजणगावचे स्थळ मोडले. त्या मंडळींनी वर्षभर थांबायला नकार दिला. वडील चार-सहा दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते. मुलीची पहिल्या वर्षाची मुदत संपली, ती आणखी सहा महिन्यांनी वाढवून मिळाली. पुढे काय, ते तिलाही ठाऊक नाही. परवा तिचा फोन आला तेव्हा मी विचारले, "पस्तावा तर होत नाही ना?" ती म्हणाली, "काका, अजून तरी वेळ नाही मिळाला." मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि तिने घाईने फोन ठेवला.

आता संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे येतात. मुलगी तिकडे नेमके काय करते, ते मला समजावून सांगतात. त्यातले निम्मे त्यांना कळत नाही, निम्मे मला. पण सांगताना ते खुर्चीत जरा पुढे सरकून बसतात. त्या जुन्या सहकारी बाईंना मी ही हकिकत पत्राने कळवली आहे. त्यांचे उत्तर अजून यायचे आहे.